काचेवरचं लाल बटण

ऑफिसात तिला सगळे पेंटरबाई म्हणायचे. खरं तर कॉलेज सुटल्यापासून तिने हातात ब्रश धरलेला नव्हता. पण पीठ मळायची मोठी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात यंत्राच्या पडद्यावर जे काही दिसायचं ते सगळं तिच्या हातचं होतं, आणि ते इतकं हुबेहूब असायचं की नवखा माणूस आधी बोट लावून बघायचा. वेग कमीजास्त करायची गोल मूठ तिने अशी काढली होती की तिच्या कडेच्या खाचा बोटाला टोचतील असं वाटावं. वेळ दाखवायला घड्याळ होतं, पांढऱ्या तबकडीचं, आणि त्यावर खिडकीतला उजेड पडल्यासारखी एक तिरपी चमक. सपाट काचेवर नुसते आकडे आणि चौकोन मांडणं तिच्या जिवावर यायचं. ती म्हणायची, "माणसाच्या हाताला ओळखीचं काहीतरी पाहिजे. नाहीतर तो काचेला हात लावायला बिचकतो."

तिचं सगळ्यात लाडकं होतं ते लाल बटण. टोपीसारखं फुगीर, भोवती पिवळी कडा, माथ्यावर थोडा उजेड आणि खाली सावली. त्यावर बोट ठेवलं की ते आत जायचं, सावली आखडायची आणि 'खट्' असा भरीव आवाज यायचा. तो आवाज तिने कारखान्यातल्याच एका जुन्या यंत्राच्या खऱ्या बटणाचा रेकॉर्ड करून घेतला होता. कारखान्याचे मोठे साहेब पाहुण्यांना हटकून तिथे घेऊन जात. "दाबून बघा, दाबून बघा," म्हणत, आणि पाहुणा दाबून हसला की स्वतःच ते काढल्यासारखे खूश होत.

हे लाल बटण यंत्र घटकाभर थांबवण्यापुरतं होतं. पीठ कितपत जमलंय बघावं, लागलं तर पाणी घालावं आणि पुन्हा चालू करावं. धोक्याच्या वेळी दाबायचं खरं बटण निराळं होतं. ते यंत्राच्या उजव्या कुशीला, कमरेच्या जरा खाली बसवलेलं होतं आणि वायरींनी थेट मोटरला जोडलेलं होतं. काचेवरचं बटण मात्र चुकून पिठाचा हात लागला तर यंत्र बंद पडू नये म्हणून क्षणभर दाबून धरावं लागायचं. हे सगळं शिकवताना सांगितलं जायचं. ऐकणारे मान डोलवायचे.

त्या दिवशी सकाळी ती एका बेकरीत फोटो काढायला गेली होती. नव्या माहितीपत्रकात यंत्र चालू असताना, खऱ्या माणसांच्या हातात दिसायला हवं होतं. बेकरी दोन भावांची. थोरला भाऊ वारला होता, धाकटा भट्टी सांभाळायचा, आणि थोरल्याची बायको पीठ मळायच्या यंत्रावर असायची. धाकटा तिला वहिनी म्हणायचा म्हणून सगळी बेकरी तिला वहिनीच म्हणायची. चाळिशीच्या आतबाहेरची, कामाला वाघ आणि तोंडाने गोड.

"मॅडम, फोटोत माझं पोट नका हं घेऊ," वहिनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवत म्हणाली.

"यंत्राच्या मागे उभ्या राहा, पोट कुणाला दिसतंय!"

"म्हणजे यंत्र माझ्यापेक्षा जाड आहे, एवढं तरी बरं."

भांड्यात हात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी वर करून दोरीने बांधलेली होती. खाली असली की सारखी उघडझाप करावी लागते, वेळ जातो, म्हणून बेकरीवाल्यांनी ती बांधून टाकली होती. पेंटरबाईच्या ते लक्षात आलं. फोटोत दोरी वाईट दिसेल एवढंच तिच्या मनात आलं. ती कॅमेरा घेऊन भिंतीकडे सरकली आणि एका डोळ्याने बघू लागली. काचेवरचं लाल बटण अगदी झळकत होतं.

मग वहिनीने भांड्याच्या कडेला चिकटलेलं पीठ सोडवायला उजवा हात आत घातला, आणि पीठ मळत फिरणाऱ्या लोखंडी आकड्यात तिच्या हातमोज्याची बोटं अडकली.

ती आधी ओरडली नाही. "अगं अगं," एवढंच म्हणाली, कुणाला तरी समजावल्यासारखं. मग तिचा खांदा खाली ओढला गेला आणि तिने डावा तळहात दाणकन काचेवरच्या लाल बटणावर मारला. पुन्हा मारला. रबरी हातमोजा, त्यावर पीठ. काचेला ते कळलंच नाही. आता ती किंचाळली.

पेंटरबाईच्या हातातून कॅमेरा सुटला. ती धावली. खरं बटण तिच्या समोर होतं, यंत्राच्या कुशीला, हात खाली केला असता तर लागलं असतं. ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि तिने आपला उघडा हात सगळ्या ताकदीनिशी काचेवरच्या लाल बटणावर मारला.

बटण आत गेलं. सावली आखडली. 'खट्' असा आवाज आला. आणि तिने हात उचलल्याबरोबर ते मऊपणे पुन्हा वर आलं. यंत्र फिरतच होतं.

भट्टीकडून धाकटा भाऊ आला आणि त्याने भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडला. तेव्हा कुठे ते थांबलं. वहिनीचा हात सोडवेपर्यंत पेंटरबाई तिचं डोकं छातीशी धरून उभी होती. तिची नजर यंत्राच्या कुशीकडे गेली. खऱ्या बटणावर पिठाचा थर बसला होता. ते पांढरं पडलं होतं.

वहिनीच्या मनगटाचं हाड मोडलं आणि तीन बोटं चेचली. हात वाचला, पण बोटं कितपत वळतील ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पेंटरबाईने ही गोष्ट मनात ठेवली नाही. घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा, पेपर तपासत बसला होता.

"मी पण त्याच्यावरच मारला हात. मी. मी काढलंय ते."

"घाबरली होतीस. घाबरल्यावर माणूस काहीही करतो."

"तेच तर म्हणतेय मी! धोक्याचं बटण घाबरल्यावरच दाबतात ना? शांत डोक्याने कोण दाबतं?"

त्याने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "जाळी कुणी बांधली होती? त्यांनीच ना? मग तू कशाला सगळं अंगावर ओढून घेतेस?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्तच चीड आली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कशाला आलो ते विसरून परत आली. त्या आठवड्यात तिचं हे असंच चाललं. एका जागी बूड टेकेना. टेबलाशी बसली की पाय हलायचा, पाय थांबवला की बोटं हलायची. फोन उघडला की त्यातला कचऱ्याचा डबा, पाकीट, चामड्यासारखी कड असलेली वही, सगळं तिच्याकडे बघतंय असं वाटायचं. एरवी अशी चित्रं बघून ती मनातल्या मनात दाद द्यायची, ही शिवण काय सुरेख काढलीय म्हणायची. आता तिला एकच दिसायचं: ह्यातल्या कशालाच मागची बाजू नाही. लिफ्टमध्ये ती बटणं दाबायच्या आधी बोटाने चाचपून बघू लागली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बाई, काही सांडलंय का त्यावर?"

मोठ्या साहेबांना तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला, तिचं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला धक्का बसलाय. चार दिवस सुट्टी घ्या."

"साहेब, ते चित्र काढून टाकू या."

"का? नियमाप्रमाणे खरं बटण आहे की नाही? आहे. शिकवलं होतं की नाही? शिकवलं होतं. जाळी बांधून ठेवणाऱ्याला आपण काय करणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे तुम्ही स्वतः त्यावर हात मारल्याचं... ते आपल्यातच राहू द्या. उगाच त्याचे भलते अर्थ निघतात."

"अर्थ एकच निघतो, साहेब."

"पेंटरबाई, सुट्टी घ्या."

तिने सुट्टी घेतली नाही. ती खाली कारखान्यात गेली, नटकडे. यंत्रांची जुळणी बघणारा हा इंजिनिअर. नट म्हणजे नाटकातला नव्हे, बोल्टचा जोडीदार. त्याच्या खिशात कायम दोनचार नट असायचे आणि विचार करताना तो ते खुळखुळवायचा. तिचं ऐकताना त्याचा खिसा गप्प झाला.

"तुझा हात खऱ्या बटणाजवळून गेला?"

"जवळून काय, घासून गेला असेल."

"हं. मग ते साहेबांना दाखवू या. ऐकून नाही पटायचं."

त्यांनी बेत केला. रिकामं यंत्र पिठाचा एक गोळा घालून चालू करायचं, साहेबांना समोर उभं करायचं आणि नटने मध्येच ओरडायचं, 'बंद करा!' साहेबांचा हात चित्राकडे जाईल याची दोघांनाही खात्री होती. पण साहेब खाली आले तेच शर्टाच्या बाह्या सरसावून. कशासाठी बोलावलंय हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, किंवा त्यांनी ते ओळखलं होतं. नट ओरडला मात्र, साहेबांनी वाकून कुशीचं खरं बटण दाबलं. यंत्र जागच्या जागी थांबलं. भोवती जमलेले चारदोन जण हसले. कुणीतरी टाळीही वाजवली.

"झालं समाधान?" साहेब रुमालाने हात पुसत म्हणाले. "लक्ष ठिकाणावर असलं की सगळं जमतं."

ते गेल्यावर नट म्हणाला, "सांगून ठेवलेल्या माणसाला दचकवता येत नाही. माझंच डोकं चाललं नाही."

पेंटरबाईचे कान गरम झाले होते. त्या हसण्यात तिला वहिनीचं ते 'अगं अगं' ऐकू येत होतं. ती तशीच बाहेर पडली, ऑफिसात बॅग राहिली आहे हेही तिला रस्त्यात कळलं, आणि ती थेट बेकरीकडे चालत गेली.

वहिनी बेकरीच्या मागच्या खोलीत खाटेवर बसली होती. हात गळ्यात अडकवलेला. पेंटरबाईला बघून ती घाईघाईने डाव्या हाताने उशा नीट करू लागली.

"बसा ना मॅडम. तुमचा कॅमेरा फुटला ना हो माझ्यापायी?"

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात, वहिनी! दुखतंय का?"

"दुखणं चालायचंच." तिने पदराने तोंड पुसलं. "लाज वाटते ती जास्त. येणाऱ्याजाणाऱ्याला भावजी सांगतात, आमच्या वहिनी चित्रावर हात मारत बसल्या होत्या म्हणून. पोरं मला बघून भिंतीवर हात आपटून दाखवतात. मला शिकवलं होतं हो, खरं बटण बाजूला आहे. मला ठाऊक होतं. माझंच डोकं फिरलं."

पेंटरबाईला बसवेना. ती खाटेसमोर उभीच राहिली.

"तुम्ही मला बघितलं नाही का तेव्हा? मी आले धावत."

"मला काही दिसत नव्हतं त्या वेळी."

"मी पण त्याच चित्रावर हात मारला, वहिनी. ते चित्र मी काढलंय. त्याचा लाल रंग, त्याची सावली, सगळं मीच केलंय. ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि मी खऱ्या बटणाला ओलांडून त्याच्यावर जाऊन मारला."

वहिनी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. रडतेय की हसतेय ते आधी कळेना. हसतच होती. हसता हसता हात दुखावला म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली.

"म्हणजे आपण दोघी मिळून त्या मेल्याला बडवत होतो?"

"दोघी मिळून."

"आणि ते आपलं ढिम्म!" तिने डोळे पुसले. मग तिचा चेहरा बदलला. "हे तुम्ही भावजींसमोर सांगाल? आत्ता? नुसतं मला सांगून माझं काय होणार?"

"बोलवा त्यांना."

धाकटा भाऊ भट्टीवरून घामाघूम होऊन आला. पेंटरबाईने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला. बराच वेळ त्याने हातातल्या फडक्याला पीळ दिला.

"जाळी मी बांधली होती," तो शेवटी म्हणाला. "ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी आपलं वहिनींवर ढकलत होतो." मग त्याने वर बघितलं, आणि त्याचा आवाज चढला. "पण तुमच्या साहेबांनी मला फोनवर काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हणाले, यंत्रात काही खोट नाही, तुमच्या बाईमाणसालाच समजलं नाही. आणि ज्यांनी केलं त्यांनाच समजलं नव्हतं होय!"

"चला माझ्याबरोबर," पेंटरबाई म्हणाली. "त्यांच्यासमोर पुन्हा सांगते."

तो पिठाच्या कपड्यांतच निघाला. साहेबांकडे तेव्हा नेमके दुसरे दोन बेकरीवाले आले होते, नवी यंत्रं बघायला. शिपायाने अडवायच्या आत हा आत शिरला. साहेब उभे राहिले. पेंटरबाईने दारातच सुरुवात केली, कारण थांबली असती तर पुन्हा पाण्याचा पेला पुढे आला असता. ती सगळं सांगत गेली. आपला हात कुठून निघाला, कुठे पडला, बटण कसं आत गेलं, कसा आवाज आला, कसं परत वर आलं.

पाहुण्यांपैकी एकजण म्हातारा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडेही तेच यंत्र आहे. खरं बटण कुठे आहे हो त्याला? मी तर काचेवरचंच खरं समजत होतो."

साहेबांचा चेहरा उतरला. ते एकदम खुर्चीत बसले. त्या म्हाताऱ्याला ते अनेक वर्षं ओळखत होते आणि तो काही बेसावध माणूस नव्हता.

त्यानंतर गोष्टी हलल्या, पण सरळ हलल्या नाहीत. साहेब पेंटरबाईवर रागावले ते रागावलेच. "आधी मला म्हाताऱ्याबद्दल सांगायचं होतंत," असं काहीतरी अर्थहीन बोलले. तपासणीला सरकारी माणूस आला तेव्हा मात्र त्यांनी तिला स्वतःहून पुढे केलं आणि बोलू दिलं. चित्र काढून टाकायचं ठरलं. नटने खरं बटण कुशीतून उचलून समोर, पडद्याच्या वर, एका पत्र्याच्या पट्टीवर आणून बसवलं. जाळी वर असताना यंत्र चालूच होणार नाही आणि दोरी बांधून ते फसवताही येणार नाही, अशी सोयही त्याने केली.

पेंटरबाईने आपलं लाल बटण स्वतः पुसलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. त्या जागी तिने करड्या रंगाचा एक सपाट चौकोन ठेवला आणि त्यात 'विराम' एवढा शब्द लिहिला. ना सावली, ना आवाज. साहेब म्हणाले, "हे काय हो, पाटी लावल्यासारखं?" काही गिऱ्हाइकांनीही नाकं मुरडली. एकाने फोन करून विचारलं, ते खट् वाजणारं बटण परत मिळेल का, पोरांना फार आवडायचं. तिने नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घातल्या.

जुनी यंत्रं गावोगाव पसरलेली होती. नट ती बदलायला निघाला तेव्हा तीही त्याच्याबरोबर जाऊ लागली. तिचं तिथे खरं तर काही काम नव्हतं. पडद्यावर नवी चित्रं नटलाही चढवता आली असती. पण ऑफिसात बसून राहणं तिला जमेना. प्रत्येक ठिकाणी ती यंत्रावरच्या माणसाला समोर उभं करायची आणि बटण दाबायला लावायची, पुन्हा पुन्हा, तो कंटाळेपर्यंत.

वहिनी कामावर परतली त्या सकाळी दोघं तिथेही गेले. हातावरचं प्लॅस्टर निघालं होतं. दोन बोटं नीट वळत होती, तिसरं अर्धवटच. धाकट्या भावाने तिला काउंटरवर बसायला सांगून बघितलं होतं. ती म्हणाली होती, "तिथे बसून माशा मारू का?"

यंत्रात पीठ पडलं, जाळी खाली आली, आकडा फिरू लागला. वहिनीने डोळे मिटले, डावा हात वर नेला आणि पट्टीवरच्या लाल बटणावर मारला. यंत्र थांबलं. तिने ते पुन्हा चालू केलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मारला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"वहिनी, पीठ बिघडेल," भावजी भट्टीकडून म्हणाला.

"बिघडू दे," ती म्हणाली. मग पेंटरबाईकडे वळली. "आता तुम्ही या मॅडम."

"मी कशाला?"

"या म्हणते ना. डोळे मिटा. मी ओरडेन तेव्हा मारायचं."

पेंटरबाई यंत्रासमोर उभी राहिली. तिने डोळे मिटले. मोटरची घरघर पायाच्या तळव्यांतून वर येत होती. वहिनी कधी ओरडेल याची ती वाट बघत राहिली, आणि वहिनी ओरडली तेव्हा पेंटरबाईचा हात विजेसारखा पुढे गेला. गार, गुळगुळीत काचेवर आपटला. तिथे, जिथे आता नुसता करडा चौकोन होता.

कुणीच हसलं नाही. वहिनीने वरचं बटण दाबून यंत्र बंद केलं.

"होतं असं," ती म्हणाली. तिने आपल्या अधू हाताने पेंटरबाईचं मनगट धरलं आणि वर, लाल बटणावर नेऊन ठेवलं. ते गार होतं, खरखरीत होतं, आणि दाबायला चांगलंच जड होतं. "इथे. कळलं? चला, परत."

तिने यंत्र चालू केलं.